पाडव्याची आगाऊ बातमी

आमच्या क्रांती मॅडमना रोज सकाळी उत्साह येतो. यायला माझी हरकत नाही, पण त्या तो स्वतःजवळ ठेवत नाहीत, व्हॉट्सॲपवर टाकतात. म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या आम्ही सगळ्या बायका त्यांच्या ब्यूरोच्या ग्रुपवर आहोत. त्यामुळे खरा सूर्य उगवायच्या आधी आमच्या मोबाइलवर एक सूर्य उगवलेला असतो आणि त्याच्याखाली गुलाबी अक्षरांत 'आनंदवार्ता' असं लिहिलेलं असतं.

आनंदवार्तेत आधी बातम्या असतात. शिरोळकडच्या अमक्या ताईंच्या आजींनी नव्वदी गाठली, कागलच्या आजोबांची नाकातली नळी निघाली आणि ते तोंडानं जेवायला लागले, अशा. मग सूचना असतात. थंडी पडायला लागली, पायमोजे घाला. कवळी लाडवात अडकते, लक्ष ठेवा. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. कुणाचं तरी म्हातारं माणूस बरं झालं हे वाचून मलाही बरं वाटतं. पण सणासुदीला त्याखाली 'उपक्रम' येतो, आणि उपक्रमाचा फोटो पाठवावाच लागतो. न पाठवणाऱ्यांची नावं मॅडम दुसऱ्या दिवशी हात जोडलेल्या चित्रासकट टाकतात. ते हात जोडणं शिवीपेक्षा वाईट लागतं.

यंदा दिवाळीचा पहिला उपक्रम आला, 'वसुबारस : ज्येष्ठांसोबत गाय-वासराचे चित्र रंगवूया.'

मी ज्यांच्याकडे कामाला जाते ते आकाराम आप्पा म्हणजे जन्मभर म्हशी राखलेला माणूस. अर्ध्या पेठेला त्यांनी दूध घातलंय. त्यांच्यापुढे मी ते छापील चित्र ठेवलं आणि खडूची पेटी उघडली. आप्पांनी चष्मा लावला. चित्र लांब धरून बघितलं, मग जवळ धरून बघितलं.

"हे काय हाय?"

"गाय हाय, आप्पा. रंगवायची हाय."

"हिची कास कुठं हाय?"

मी वाकून बघितलं. खरंच नव्हती. काढणाऱ्यानं गायीला लांब लांब पापण्या काढल्या होत्या, शेपटीला रिबन बांधली होती, गळ्यात घंटा होती. कास तेवढी राहिली होती.

"मग हे वासरू पितंय काय? वारं?"

"आप्पा, चित्र हाय ते."

"चित्र असंना. उपाशी मरंल की ते."

आतून त्यांच्या बायको, आक्का, म्हणाल्या, "रंगवा की जरा. पोरगी एवढं म्हणतीया तर."

"रंगवून काय करू? आधी हिला डाक्टरला दाखवा."

मी तसाच फोटो काढला. कपाळाला आठ्या, हातात बिनकासेची गाय. मॅडमनी खाली लिहिलं, 'वा! आजोबा किती तल्लीन!'

असे आमचे आप्पा. तोंड शाबूत होतं, डोकं शाबूत होतं, फक्त चालत नव्हते. पावसाळ्यात गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि म्हणाले, आता चाला. आप्पांनी तो वॉकर एकदा डोळे भरून बघितला आणि मला सांगितलं, "तो सांगाडा कपाटामागं टाक." तेव्हापासून ते सोप्यातल्या कॉटवर बसून होते. डॉक्टर चिडले, मुलगा विश्वजित चिडला, आक्कांनी देव पाण्यात घातले. आप्पांचं एकच उत्तर, "उठतो की. पाय धरू दे." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, दिवाळीपर्यंत उठले तर उठले, नाहीतर पाय कायमचे जातील. मला ते सांगायची गरज नव्हती. मी हे काम करते. 'उद्या उठतो' म्हणत म्हणत अंथरुणाला खिळलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या पाठीची गादीनं केलेली अवस्थाही मी बघितली आहे. आप्पांचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. माणूस खडूस होता, पण मला आवडत होता.

आणि न उठायचं कारण पाय नव्हतंच. कारण होता पाडवा.

आमच्याकडे पाडव्याला म्हशी मिरवतात. अंगावरचे केस भादरून त्यात नक्षी काढतात, तेल चोपडतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि डोक्याला मोरपिसांचा तुरा बांधतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत पुढं निघतो आणि म्हैस त्याच्या मागं जीव खाऊन पळते. दोरी नाही, दावं नाही, नुसत्या ओळखीवर. ज्याची म्हैस अशी पळते त्याची वर्षभर कॉलर ताठ. गेल्या पाडव्यापर्यंत पेठेत सगळ्यात पुढं आप्पा असायचे आणि त्यांच्या मागं त्यांची बिजली. तो माणूस आता ॲल्युमिनियमचा सांगाडा टेकत टेकत दारात येणार? आप्पांनी सोप्याचं पुढचं दारसुद्धा बंद करून घेतलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचं, झोपलेत.

आता माझा राग. तो नाकावर असतो, हे आमच्या कळंब्यात सगळ्यांना माहीत आहे. माझी शेजारीण सुगरा हिला तर जास्तच माहीत आहे, कारण आम्ही दोघी रोज एकाच केएमटीच्या बसनं कामावर येतो. सुगरा राजारामपुरीत एका निवृत्त ड्रॉइंगच्या गुरुजींकडे असते. आता ड्रॉइंगचे गुरुजी मिळाल्यावर उपक्रमात पहिलं यायला काय अक्कल लागते? तिनं वसुबारसेला जी गाय पाठवली ती फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखी होती. आणि हो, तिला कास होती. धनत्रयोदशीला गुरुजींनी बांबूच्या काड्यांचा कंदील केला. नरकचतुर्दशीला पणत्यांवर वारली नक्षी काढली. मॅडमनी नुसत्या टाळ्याच टाळ्या टाकल्या.

त्या दिवशी दुपारी सुगरानं सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं, 'माझे गुरुजी पणत्या रंगवून दमले, झोपले. वर्षाराणी, तुझे आप्पा काय करतात? अजून गायीची कास शोधतात का?' पुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली चार तोंडं.

हे मी तिला केएमटीत गमतीनं सांगितलं होतं. ग्रुपवर टाकायला नव्हतं सांगितलं. माझं डोकं तापलं आणि बोटं आपोआप चालली. मी लिहिलं, 'आमचे आप्पा कागदी खेळ खेळत नाहीत. परवा पाडव्याला स्वतः चालत बिजलीला घेऊन चौकात येणार आहेत. या बघायला.'

पाठवलं आणि मोबाइल फ्रिजवर ठेवून आप्पांचं अंग पुसायला गेले. अंग पुसून, पाठीला पावडर लावून, चहा देऊन येईपर्यंत डोकं थंड झालं आणि आपण काय लिहून बसलो ते कळलं. धावत जाऊन मेसेज पुसून टाकला. तो माझ्याकडून पुसला गेला. पण मॅडमनी तोवर त्याचा फोटो काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, सूर्याच्या खाली वेगळीच चौकट होती. 'खास बातमी! जिद्दीला सलाम! खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आकाराम आप्पा पाडव्याला स्वतः चालत आपल्या लाडक्या म्हशीसह चौकात! आपल्या वर्षाराणीताईंच्या सेवेचे फळ! सर्वांनी उपस्थित राहावे.' सोबत फोटो होता. कपाळाला आठ्या, हातात बिनकासेची गाय.

आप्पांच्या पेठेत अशी एक तरी सून, पुतणी, मावसबहीण असतेच जिची जाऊबाई कुठल्या तरी ब्यूरोत आहे. मी कामावर पोचायच्या आत ती बातमी दूध डेअरीत पोचली होती. मी चप्पल काढतेय तोवर बाजूच्या दारावर धडाधड थापा पडल्या.

"आकाराम! ए आकाराम! उठलास म्हणं!"

हे केरबा तात्या. आप्पांचे बालपणापासूनचे दोस्त आणि तेव्हापासूनचेच वैरी. त्यांच्या दोन म्हशी आहेत, आणि बिजलीपुढं त्या कधीच निघाल्या नाहीत. दार उघडायला मला जीवावर आलं, पण आक्कांनी उघडलं. तात्या आत आले. आप्पा कॉटवर, पाय पांघरुणात.

"आरं, तू तर बसूनच हायस. सकाळपासनं मला चारजणांनी सांगितलं, आकाराम पाडव्याला चालत येणार. मी म्हटलं, बघून यावं. खरं हाय का?"

आप्पांनी तात्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावरच्या लक्ष्मीलाही माझी दया आली असेल.

आता एक साधी गोष्ट होती. आप्पांनी 'न्हाई' म्हणायचं, तात्यांनी मान हलवायची, मॅडमनी मला ब्यूरोतून काढायचं, विषय संपला. पण आमच्याकडची माणसं एवढ्या सरळ रस्त्यानं जात नाहीत.

"व्हय," आप्पा म्हणाले. "येणार हाय की. तुला कोण बोलावलंय?"

"मला कोण बोलवायला पायजे? चौक काय तुज्या बापाचा हाय?"

"मग ये. पुढं उभा राहू नगंस, म्हैस तुडवंल."

तात्या गेले. आप्पांनी बोटानं मला जवळ बोलावलं. विश्वजित नेमका रात्रपाळी करून एमआयडीसीतनं आला होता, तो दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, आप्पा."

"कशापायी?"

"रागानं."

"कुणाच्या?"

"सुगराच्या. आन तुमच्याबी."

आक्का पदराआड तोंड लपवून हसत होत्या, ते मला दिसलं. विश्वजित म्हणाला, "वर्षाताई, डोकं हाय का जाग्यावर? पडले तर जबाबदारी कुणाची? मी फोन लावतो तुमच्या मॅडमला."

"तू झोप जा," आप्पा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तो सांगाडा कुठं टाकलास?"

मी कपाटामागून वॉकर काढला. कोळ्याची जाळी पुसून तो त्यांच्यापुढं ठेवला.

सोप्यात चालायला आप्पा तयार नव्हते, खिडकीतनं दिसतंय म्हणाले. म्हणून मागच्या गोठ्यात. मी त्यांना चाकांच्या खुर्चीवरून नेलं, कोरडी फरशी बघून उभं केलं, वॉकर हातात दिला. पहिलं पाऊल टाकताना त्यांनी जी शिवी दिली ती लिहिता येणार नाही, पण ती डॉक्टरांना होती. दुसऱ्या पावलाची मला होती. तिसऱ्या पावलाला शिवी नव्हती, नुसता श्वास होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे होईल.

तेवढ्यात बिजलीनं वॉकर बघितला.

सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीला ही म्हैस भीत नाही. फटाक्यांच्या माळेला भीत नाही. पण त्या चार चकचकीत नळ्या टक टक करत आपल्या अंगावर येताना बघून तिनं असं फुरफुरून दावं ओढलं की खुंटी हलली, आणि ती जाऊन कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी राहिली. मागचं सगळं बाहेर.

आप्पांचा चेहरा पडला. "बघ. तिलाबी वळख लागंना."

त्यांच्या दुखण्यात एवढे दिवस मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आताही रडले नाहीत, पण आवाज गेला होता. मला काही सुचेना. मी माणसांची सेवा शिकले आहे, म्हशीची नाही.

सुचलं ते आक्कांना. त्या आत गेल्या आणि पाडव्याचा म्हशीचा साज घेऊनच बाहेर आल्या. गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरांचा पट्टा, मोरपिसं. "हिचा साज ह्याला घाला," म्हणाल्या. "घरातलं हाय म्हटल्यावर कशाला भीती?"

मग आक्का आणि मी दोघींनी बसून तो वॉकर सजवला. पुढच्या दांडीला मोरपिसांचा तुरा, दोन्ही बाजूंना लाल-पिवळे गोंडे, खाली घुंगरं. आप्पा खुर्चीवरून हुकूम सोडत होते, "कवड्या तिरक्या झाल्या, सरळ कर. एवढं तेल कशाला, हात घसरंल." त्यांना कळलंही नसेल, पण आम्ही तिघं मिळून उपक्रमच करत होतो. मी त्याचा फोटो काढला नाही. कसं कुणास ठाऊक, काढावासा वाटला नाही.

तरी बिजली जवळ येईना. तेव्हा मी माझं शहाणपण चालवलं आणि वॉकरला पेंडीची पिशवी बांधली. बिजलीनं एकदा वास घेतला, आणि मग काय विचारता! भीती गेली, शरम गेली, वॉकर जिकडं तिकडं म्हैस. आप्पा वळले की ती वळायची, आप्पा थांबले की पिशवीत तोंड. मी खूश. विश्वजित झोपेतून उठून बघायला आला, तोही हसला. पण आप्पांचं तोंड आंबट.

"काढ ती पिशवी."

"आवो आप्पा, मग ती येणार कशी?"

"पेंडीच्या मागं आली तर ती माझ्या मागं आली काय? पेठंला काय कळत न्हाई? केरबा तर पहिल्यांदा पिशवी बघंल."

"न्हाई आली म्हंजे?"

"न्हाई तर न्हाई."

पिशवी काढली. बिजली तिथंच उभी राहिली आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघू लागली की जणू आम्ही तिला फसवलंय. आप्पांनी वॉकर टेकत गोठ्याच्या दारापर्यंत चालून दाखवलं, मागं वळून हाक मारली. ती हलली नाही. आप्पा दारातल्या दगडावर बसले. घामानं सदरा भिजला होता.

मी त्यांचा पाय दाबत बसले. ते हळू म्हणाले, "पोरी, पडलो तर?"

तेव्हा मला कळलं की सगळा ताठा वरचा होता. आत नुसती भीती होती. गोठ्यात पडल्यापासून हा माणूस रोज मनात पडत होता.

"पडू देणार न्हाई मी."

"तू काय मला धरणार. तुजं वजन ते केवढं."

"माझ्या वजनाचं काढू नका. चार म्हातारे उचललेत मी."

"ते वाळल्याले असतील," आप्पा म्हणाले. पण जेवले व्यवस्थित, आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला पाटाजवळ खुर्ची लावा म्हणाले. एवढे दिवस देवाला त्यांनी कॉटवरूनच हात जोडले होते.

पाडव्याला मी पोचले तेव्हा पेठ फटफटाटानं हादरत होती. गल्लीच्या तोंडाशी क्रांती मॅडम स्वतः. केशरी साडी, तशीच साडी नेसलेल्या ब्यूरोतल्या आणखी काही बायका, आणि दोन काठ्यांवर धरलेला बॅनर, 'आनंदी ज्येष्ठ, आनंदी दिवाळी'. सुगरानं गुरुजींना रिक्षातनं आणून कट्ट्यावर बसवलं होतं. गुरुजींच्या हातात कागद-पेन्सिल. सुगरा माझ्याजवळ आली, मला वाटलं टोमणा मारणार. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "वर्षे, पडले-बिडले तर मी हाय मागं. दोघी मिळून उचलू." तिच्यावरचा राग मी तिथंच सोडला.

आक्कांनी आप्पांना ओवाळलं, फेटा बांधला. आप्पांनी वॉकर धरला. पुढचं दार, जे पावसाळ्यापासून बंद होतं, ते विश्वजितनं उघडलं, आणि स्वतः प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आप्पांच्या मागं उभा राहिला, कुठं कलले तर खाली सरकवायला. बाहेर गर्दी होती. वॉकर बघायला मागच्यांनी टाचा उंचावल्या. घुंगरं वाजली, मोरपिसं हलली, आप्पा उंबऱ्याबाहेर आले.

"आरं तिच्या," कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर म्हशीपेक्षा नटलाय."

सगळे हसले. आप्पाही हसले. मला वाटतं, तिथंच त्यांची निम्मी लाज संपली.

बिजलीला मोकळी सोडली. नक्षी काढलेलं काळंभोर अंग, शिंगं लाल. आप्पा तिच्याकडे पाठ करून पुढं चालायला लागले. एक, मग दुसरं पाऊल. बिजली जागेवरच. मॅडम मोबाइल धरून पुटपुटत होत्या, "चल ना गं, चल ना." तात्या आपल्या मोटारसायकलवर बसून मान हलवत होते. आप्पांनी वळून बघितलं नाही. नुसती हाक मारली, "बिजले, ये."

आवाज रोजचाच होता, गोठ्यात हाक मारायचे तसा. म्हैस हलली. पळत नाही आली, चालत आली. आप्पांच्या मागं, त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. वॉकर टेकला की ती थांबायची, उचलला की चालायची. पेंड नाही, दोरी नाही.

आता अडचण अशी की ती गल्ली अरुंद. आप्पा पुढं, बिजली मागं, तिच्या मागं पेठेतल्या झाडून सगळ्या मोटारसायकली आणि सगळ्या म्हशी. ओलांडून जायला जागा नाही, आणि असती तरी त्या दिवशी आकाराम आप्पांना ओलांडायचं धाडस कुणाचं होतं? सगळ्या वर्षात एकदा पळायची ती मिरवणूक पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. फट, फट, फट. म्हशी वैतागून ओरडत होत्या.

चौकाच्या अलीकडे थोडा चढ आहे. एरवी तो कुणाला दिसतसुद्धा नाही. आप्पा त्याच्या मध्यावर आले आणि थांबले. वॉकरवरचे हात थरथरायला लागले, घुंगरं आपोआप वाजायला लागली. मी कमरेला आधार द्यायला हात पुढं केला.

"हात काढ."

विश्वजित खुर्ची घेऊन पुढं सरला. आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खुर्चीसकट मागं गेला. पण पाय काही उचलत नव्हता. मागून ओरडा सुरू झाला, "काय झालं रं? का थांबलंय?" कुणीतरी ॲक्सिलरेटर पिळला. मला एवढंच माहीत होतं की आता सगळ्यांदेखत ते खुर्चीत बसले, तर ते परत उठणार नाहीत. उद्या नाही, कधीच नाही. आणि उभं राहा, असं सांगण्याइतका श्वास त्यांच्यात दिसत नव्हता.

आप्पांनी मान वर केली. होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"थांबा की जरा! म्हशीला दम लागलाय!"

सगळ्यांनी बिजलीकडे बघितलं. बिजली निवांत उभी होती. रवंथ करत होती.

मला वाटलं, आता हसतील, आणि हसले तर मी कुणाला तरी मारणार. तेवढ्यात केरबा तात्यांनी मोटारसायकल बंद केली. उतरले, मागं वळले आणि गल्ली दणाणून सोडली.

"बंद करा रं गाड्या! आकारामची म्हैस दमलीया, दिसत न्हाई व्हय?"

पहिली गाडी बंद झाली, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. पार गल्लीच्या तोंडापर्यंत फटफट विझत गेली. कुणीतरी बादलीभर पाणी आणून बिजलीपुढं ठेवलं आणि जाता जाता एक तांब्या आप्पांच्या हातात दिला. बिजलीनं बादलीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"पीत न्हाई," एक बाई म्हणाली.

"दमल्यावर लगीच पीत न्हाई ती," तात्या गंभीरपणे म्हणाले. "लई चढ हाय ह्यो. माझ्याबी म्हशी हितं दमत्यात."

"व्हय व्हय," चारजण म्हणाले. "सगळ्याच दमत्यात."

मॅडमना म्हशीतलं काही कळत नाही. त्या काळजीनं मला विचारत होत्या, "वर्षाराणी, तिला नक्की काय होतंय? डॉक्टर बोलावू का?" मी आणि सुगरा एकमेकींना धरून रडत होतो.

आप्पांनी पाणी संपवलं. मिशा पुसल्या. हातांची थरथर हळूहळू कमी झाली. मग त्यांनी मान वळवून विचारलं, "निघायचं का गं?"

बिजलीनं कान हलवला.

"निघूया म्हणतीया," आप्पांनी सगळ्यांना सांगितलं, आणि वॉकर उचलून पुढं टाकला.

मागं कुणी गाडी सुरू केली नाही. सगळी पेठ आपापल्या मोटारसायकली हातानं ढकलत त्यांच्या मागून चौकापर्यंत चालत आली.